आक्का, तुझा दुखवटा अजून घेतलेला नाही

मार्गासनी,
शुक्रवार

प्रिय आक्का,

परवा भाऊसाहेब आपल्या घरी येऊन गेले. हो, तेच, गिरणीवाले भाऊसाहेब. काखेत गाठोडं, गाठोड्यात एक पागोटं आणि एक लुगडं. तुझा दुखवटा घेऊन आले होते! तू जाऊन वर्ष होत आलं, आणि आत्ता! तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतो. तुला सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे काय मला ठाऊक नाही? जिवंतपणी माझी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, "मास्तर झाला तरी लिवतोय किती लांबट!" आता तिकडे कोणाकडून वाचून घेशील ते घे, पण लांबट झालं म्हणून बोलू नकोस.

सोमवारी भोरच्या कचेरीत तुझ्या अर्जाची तारीख आहे. गिरणीत भाजलेल्या सगळ्या बायांच्या वतीनं तू एकटीनं अंगठा केलेला तो अर्ज. संस्थान गेलं, साहेब बदलले, तरी अर्ज अजून उभा आहे आणि अर्ज करणारी तू नाहीस. कारकुनानं मला सरळ सांगितलं, "मास्तर, अर्जदार मयत. दुसरं कोणी उभं राहत नसेल तर सोमवारी प्रकरण बंद होईल." बंद होईल म्हणजे त्या बायांच्या भाजलेल्या हातापायांचं कोणी काही देणं लागत नाही, असं कायमचं ठरून जाईल. आणि नेमका अशा वेळी भाऊसाहेबांचा दुखवटा दारात!

पण आधी माझं तुझ्याशी भांडण आहे. अशी अट घालून कोणी मरतं का गं? शेवटच्या दिवसांत तुला दोन शब्द बोलायला दम लागायचा, पण एवढं मात्र मला जवळ बसवून बजावलंस. "गनू, माज्यामागं कुनाचा दुखवटा घिऊ नगंस. सोयऱ्याचा न्हाई, भावकीचा न्हाई. एकाचा घेतलास तर दुसऱ्याला न्हाई कसं म्हनशील? अर्जाचा निकाल लागूंदे, मंग काय त्ये घ्या." मी हो म्हणालो. तशा वेळी कोण नाही म्हणेल?

तुला काय, तू सांगून मोकळी झालीस. तेराव्याला मामा पागोटं घेऊन आले. माणूस गेलं की सोयऱ्यांनी यायचं, घरच्या पुरुषाच्या डोक्याला पागोटं बांधायचं, बाईला लुगडं द्यायचं, "उठा आता, कामाला लागा" म्हणायचं, तेव्हा कुठे सुतकी घर उठतं. मी मामांपुढे हात जोडले आणि नको म्हणालो. मामा जेवले नाहीत, तसेच उन्हाचे निघून गेले. वर्षभर भावकी माझ्याशी तिरकी बोलते. आमच्या काशीला पालीचं चांगलं स्थळ आलंय, पण ज्या घराचा दुखवटा निघालेला नाही त्या घरात हळद कशी लावायची? तुझी लाडकी भावजय पारू वर्षभर भांडी आपटते आहे. "मेली तरी घर तिच्याच हुकमानं चालतंय," हे मी रोज ऐकतो. तू असतीस तर तिला काय उत्तर दिलं असतंस तेही मला पाठ आहे.

खरं सांगू? तुझी ही अट कुठून आली हे आमच्या घरात फक्त मला कळतं, कारण मी ते सगळं डोळ्यांनी बघितलंय.

भोरच्या अलीकडे नीरेच्या काठी भाऊसाहेबांनी भाताची गिरणी घातली, तेव्हा आपल्या खोऱ्यात केवढं कौतुक झालं होतं! उखळात भात कांडून कांडून बायांचे खांदे गेले होते. आपल्यातलाच माणूस, कंत्राटं घेऊन वर आलेला, पुण्याहून बायलर आणून बसवतो म्हणजे काय! सुगी झाली की पासली, पाली, मार्गासनीची माणसं गिरणीवर जायची, काठावर खोपी घालून राहायची. दाजी पोती उचलायचे, तू कण्या पाखडायचीस. पहिल्या वर्षी परत आलीस ती ऐटीत. काचेच्या बांगड्या काय, पारूला फणी काय! आणि नंतर आठवडाभर आम्हाला गिरणीच्या गोष्टी. आगवाले धोंडीबाआबा तूस टाकून भट्टी कशी पेटवतात, पट्टा कसा फिरतो, शिट्टी कशी होते. शिट्टीची नक्कल करताना तुला ठसका लागायचा.

गिरणीच्या त्या शेवटच्या सुगीला भात अमाप पिकलं होतं. गिरणीपुढे गाड्यांची रांग लागली, गाडीवाले ओरडायला लागले, माझं आधी, माझं आधी. बायलरमध्ये वाफ जादा झाली की आपोआप उघडून सोडून देणारी एक झडप असते. ती उघडली की वाफ जाते आणि गिरणी मंदावते. भाऊसाहेबांनी धोंडीबाआबांना सांगितलं, "झडपंच्या दांडीला दगूड बांदा. सुगी सरंस्तवर चालूंदे." आबांनी बांधला. दोन दिवस गिरणी झकास चालली, गाडीवालेही खूश. तिसऱ्या दिवशी आबा पोराला भट्टीशी बसवून नदीवर भाकरी खायला गेले आणि मागे बायलर फुटला.

मी भोरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू कोपऱ्यात चटईवर होतीस. मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत पट्ट्या. मी जवळ बसलो तर मला ओळखलंस आणि विचारलंस, "गनू, तुजं दाजी कुठं हायती?" मी म्हणालो, "त्या खोलीत." कुठल्या खोलीत? दाजींना तर आम्ही सकाळीच नदीवर नेलं होतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग भिंतीकडे तोंड फिरवलंस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

आठ घरांतली माणसं गेली. आणि भाऊसाहेब आठही घरांत दुखवटा घेऊन गेले. स्वतः, चालत. पासलीपर्यंत! गड्याच्या हाती पाठवला असता तर लोकांनी फेकून दिला असता. पण हा माणूस दारात आला, मेलेल्याच्या बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला, आपल्या हातानं पागोटं बांधलं. आपल्या दारातही रडला. दवाखान्यातून आम्ही तुला माहेरी आणलं होतं, तू आत पडून होतीस. मी ऐकत होतो आणि मलाही हुंदका आला.

तू बरी होऊन उठलीस. बरी कसली, उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. चौकशीला साहेब यायचे होते. वकील म्हणाले, खालसातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला कायदा इथं संस्थानात लागेलच असं नाही, पण दगडाची गोष्ट शाबीत झाली तर भरपाई मिळायला वाट आहे. दगड बांधलेला किती जणांनी बघितला होता! आणि तरी एक माणूस बोलायला तयार होईना. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी पैसे चारले नव्हते. सगळ्यांचं एकच, "आक्का, त्येंचा दुखवटा घेतलाय आमी. ज्यानं आपल्या घराला सुतकातनं उठवलं, त्यो सोयरा झाला. त्येच्या इरोधात कचेरीत कसं बोलायचं?"

मी चिडलो होतो. मी त्यांना अडाणी म्हणालो, भाऊसाहेबांना लबाड म्हणालो. तू मात्र म्हणालीस, "लबाड न्हाई त्यो. रडला त्ये खरंच रडला. पन त्येच्या रडन्यानं माजा हात सुटा झाला का?"

आणि हिंडायला लागलीस. भाजलेली कातडी उन्हानं तडतडायची म्हणून डोक्यावरून ओलं फडकं घेऊन निघायचीस. पासली, पाली, मधल्या वाड्या. शनिवारी शाळा सुटली की मीही बरोबर असायचो, तुझ्यामागं पाय ओढत. तू प्रत्येक घरात बसायचीस, पाणी प्यायचीस, पोराबाळांची चौकशी करायचीस आणि मग पदर बाजूला करून हात समोर ठेवायचीस. लोक बघायचे, डोळे पुसायचे, आग्रह करून जेवायला घालायचे. बोलायला मात्र कोणी तयार नाही! तुझं डोकं कसं फिरलं नाही, मला अजून कळत नाही.

धोंडीबाआबांकडे तर आपण कितीदा गेलो! त्यांचा एकुलता एक मुलगा भट्टीशीच गेला. भाऊसाहेबांनी बांधलेलं पागोटं म्हातारा डोक्यावरून काढत नव्हता. तुला म्हणाले, "दगूड म्याच बांदला, आक्का. आन् पागुटं बी माज्याच डुईवर. म्या कुन्या तोंडानं बोलू?" त्यांच्या चुलीवरचं भाताचं आधण उतू जात होतं, ते डाव्या हातानं उतरवून ठेवलंस आणि आपण निघालो.

मग भोरहून खबर आली की भाऊसाहेबांची म्हातारी आई वारली. मी, खोटं कशाला बोलू, मनात म्हणालो बरं झालं, त्यांनाही कळू दे. तू चुलीपाशी बसली होतीस. तशीच उठलीस आणि म्हणालीस, "गनू, समद्यास्नी सांगावा धाड. आपुन दुखवटा घिऊन जायाचं."

मी किती भांडलो तुझ्याशी! दाजींना ज्यानं मारलं त्याच्या दारात पागोटं घेऊन जायचं? लोक काय म्हणतील? तुला लाज नाही, मला आहे! तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "त्येनं आपल्या दारात पागुटं आनलं. आपुनबी न्हेऊ. मंग कुनाचं कुनावर काय राह्यलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि खोऱ्यातल्या माणसांच्या डोक्यात तर माझ्या आधी पडला. कचेरीत चला म्हटलं की मान खाली घालणारी आठही घरं दुखवट्याला चला म्हटल्यावर एका सांगाव्यात निघाली! सगळ्यांनी मिळून भोरच्या पेठेत पागोटं घेतलं, लुगडं घेतलं. दुकानदार हलक्यातलं दाखवत होता, तू भारीतलंच मागितलंस.

भाऊसाहेबांच्या ओट्यावर आपण जाऊन बसलो तो क्षण मी विसरणार नाही. ते आतून आले, आपल्याला बघितलं आणि उंबऱ्यातच थबकले. तेही आपल्यातलेच, त्यांना सगळं कळत होतं. पागोटं धोंडीबाआबांनी बांधलं. म्हातारा वाकडे पडलेले वेढे सोडून पुन्हा घालत होता आणि भाऊसाहेब लहान पोरासारखी मान वाकवून बसले होते. तू आत जाऊन त्यांच्या बायकोला लुगडं दिलंस, तिच्याबरोबर रडलीस. खरंच रडलीस की गं! मग बाहेर येऊन खांबाला टेकून उभी राहिलीस.

"भाऊसाहेब, फिटंफाट झाली. आता कचेरीत आमी खरं त्ये बोलनार."

भाऊसाहेबांनी डोक्यावरचं पागोटं हातानं चाचपलं. मग आत बघून म्हणाले, "पावन्यास्नी च्या ठेवा." आपण चहा घेतला आणि निघालो. वाटेत धोंडीबाआबा मला म्हणाले, "मास्तर, आता तोंड मोकळं झालं."

कचेरीत ते फार बोलले नाहीत. "दगूड म्या बांदला. सांगितलं भाऊसाहेबांनी. पोरगं माजं मेलं." बस्स. साहेबांनी भाऊसाहेबांना विचारलं, हे खरं का? आणि आक्का, भाऊसाहेबांच्या डोक्यावर त्या दिवशी आपलं पागोटं होतं! ते बांधूनच ते कचेरीत आले होते. त्यांच्या वकिलानं कानाशी काहीतरी कुजबुज केली, पण भाऊसाहेब नाही म्हणाले नाहीत. तसं होणार हे तुला आधीच ठाऊक होतं का? मी तुला कितीदा विचारलं, तू नुसती हसायचीस.

मेलेल्यांच्या घरांना भरपाई मिळाली. धोंडीबाआबांनी ती सुनेच्या हातात दिली आणि पुढच्याच पावसाळ्यात गेले. तुलाही दाजींपोटी मिळाली. सगळे म्हणाले, झालं, आक्कानं मिळवून दिलं, आता स्वस्थ बस. मीसुद्धा म्हणालो. तू म्हणालीस, "मेल्यांचं झालं. जित्यांचं कुठं झालं?"

खरंच, भाजलेल्या बायांचं कोणी नावच काढत नव्हतं. भाऊसाहेब म्हणायचे, गिरणी बुडाली, कुठून देऊ? साहेब म्हणाले, त्यांचा दावा निराळा मांडा. तू मांडलास. मग साहेबांची बदली, मग लढाई, मग कोणी म्हणे संस्थान जाणार, तोवर थांबा. तू थांबतेस कसली! पदराला भाकरी बांधून भोरला चालत जायचीस, कचेरीच्या पायरीवर बसायचीस. पट्टेवाले तुला ओळखायला लागले, कोणी चहा पाजायचा, कोणी हुसकायचा. लावणीला तुला कोणी बोलावेना, चिकटल्या बोटांनी रोप धरता येत नव्हतं. पंगतीत डाव्या हातानं वाढतेस म्हणून लोकांनी नावं ठेवली, तर तू वाढणंच सोडलंस. तेवढं मात्र तुला लागलं होतं. त्या रात्री तू जेवली नाहीस, आणि पारूनं, त्याच पारूनं, तुझं ताट झाकून ठेवलं होतं.

बाकीच्या बाया तर मुक्याच. कोणाची मान भाजलेली, कोणाची पाठ. पोरीबाळी होत्या, लग्नं व्हायची होती. त्यांनी पदर, चोळ्या घट्ट ओढून घेतल्या आणि भाजल्याचं कुठे सांगितलंच नाही. त्यांच्या वतीनं तू एकटी हात उघडा टाकून साहेबांपुढे उभी राहायचीस. तुला राग यायचा नाही का गं त्यांचा? मला यायचा.

असो. तर परवाचं सांगतो.

भाऊसाहेब आता फार थकलेत. काठी टेकत आले. भावकी ओसरीवर गोळा झाली, चुलत्यांनी घोंगडी अंथरली. भाऊसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "गनपतराव, माज्या आईच्या दुखवट्याला आक्का आली हुती. त्ये म्या इसरलो न्हाई. तिच्या टायमाला तुमी कुनाचंच घेत न्हाई आसं ऐकलं, म्हून गप बसलो. आता वरीस होत आलं. येवढं घ्या, आन् सोमवारचं तेवढं मिटवा. माजं बी आता किती राह्यलंय?" आणि त्यांनी गाठोडं सोडलं. डोळ्यांना धार लागली होती. आक्का, तू म्हणायचीस तसंच, ते खरंच रडत होते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुलते म्हणाले, "घे की रं. काशीचं हात पिवळं करायचं हायती का न्हाई?" माझ्या मनात काय काय आलं! भाजलेल्या अकरा बायांतली एकसुद्धा सोमवारी यायला तयार नव्हती. मी आठवडाभर फिरून आलो होतो. "आक्का न्हाई, आता कशाला, मास्तर?" हेच सगळीकडे. मग हरलेल्या अर्जासाठी मी घरात सुतक किती दिवस धरू? आणि हा म्हातारा हात पुढे करून बसलेला. त्याला उठवून लावायला जीभ रेटत नव्हती.

तेवढ्यात पारू माजघराच्या दारात आली. मला वाटलं, आता ही पागोटं माझ्या हातात कोंबते. पण तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"भाऊसाहेब, तुमचा दुखवटा आमी डुईवर घिऊ. पर आदी सोमवारी कचेरीत या. गिरणीत भाजल्याल्या बायांचं देनं माज्यावर हाय, येवढं साहेबाम्होरं बोला. मंग त्याच पावली हितं या. पयलं पागुटं तुमचंच बांदू."

चुलत्यांच्या तोंडाचा आ झाला. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "वैनी, सोमवारी कोन कोन येनार हाय?"

"समद्या," पारू म्हणाली.

समद्या! एकीचा पत्ता नाही आणि ही म्हणते समद्या! भाऊसाहेबांनी हळूहळू गाठोडं बांधलं, काठी घेतली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "आक्काच बोलल्यावानी वाटलं." येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. मी त्यांना नदीपर्यंत पोचवून आलो.

घरी येऊन मी पारूला म्हटलं, काय बोलून बसलीस? तर तव्यावरची भाकरी उलथत म्हणाली, "गेलं तोंडातनं. आता खरं करायला नगं का?" आणि काल पहाटे निघाली. एकटी! तुझ्यासारखीच पदराला भाकरी बांधून. जी बाई वर्षभर तुझ्या नावानं भांडी आपटत होती, ती तुझ्या वाटेनं पासलीला गेली. तिथून आज पालीला. संध्याकाळी आली, पाय सुजलेत, काशी आत्ता गरम पाण्यानं शेकते आहे.

मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, "म्या काय सांगनार? म्हनलं, आक्कानं तुमच्यापायी आपला हात समद्या जगाला दावला. तुमी एक डाव तुमचा दावा. आन् तुमी न्हाई आलासा तर माज्या काशीला हळद लागायची न्हाई, त्येचं पाप तुमच्यावर." बघ, धमकीसुद्धा दिली! पासलीच्या तिघी येतात म्हणाल्या. पालीची एक म्हणाली, सासू सोडील तर येते. बाकीच्या नुसत्या रडल्या. पण पारू म्हणते, रडली ती येणार. तुम्हा बायकांचं तुम्हालाच ठाऊक.

आक्का, आता तुला वचन देतो. सोमवारी पट्टेवाला तुझं नाव पुकारील तेव्हा त्या बायांना घेऊन मी पुढे होईन. आल्या तेवढ्या. कारकून मयत म्हणाला तर म्हणू दे, ज्यांचा अर्ज आहे त्या समोर उभ्या असतील. एकच आली तर एकीला घेऊन उभा राहीन आणि कोणीच आली नाही तर एकटा उभा राहून पुढची तारीख मागीन. त्या तारखेपर्यंत पुन्हा दारोदार हिंडेन. मला तुझ्यासारखं गोड बोलता येत नाही, पण आता पारू बरोबर आहे. आणि भाऊसाहेब आले, साहेबांपुढे बोलले, तर त्यांचं पागोटं मी सगळ्यांच्या आधी बांधून घेईन. त्यांचा राग मनात ठेवणार नाही. तू ठेवला नव्हतास.

लोकांना वाटतं, बहीण गेली तरी मास्तरच्या डोळ्याला पाणी आलं नाही. कसं येईल? तू कचेरीत गेली आहेस, संध्याकाळी पाय शेकायला घरी येशील, असंच मी वर्षभर मनाशी धरून बसलोय. तेवढा निकाल लागू दे, दुखवटा घरात येऊ दे. मग दार लावून घेतो आणि तुझ्यासाठी पोटभर रडतो.

तुझा,
गनू